आत कोण आहे?

आमच्या टूर मॅनेजरला बसमधल्या चाळीस जणांची नावं तिसऱ्या दिवसापर्यंत पाठ झाली. पण त्याआधीच त्याने आमची मूत्राशयं पाठ केली असावीत. फ्रँकफर्ट सोडून दीड तास झाला की तो माईक हातात घ्यायचा. "काका-काकू, दहा मिनिटांत थांबतोय. सगळ्यांनी जाऊन यायचंय. आली नसली तरी जायचंय. पुढे दोन तास काही नाही." आमच्या शाळेत करंगळी वर करून कितीही वेळ उभं राहिलं तरी मास्तर सोडत नसत. साठी उलटल्यावर मला प्रथमच, आलेली नसताना जायचा हुकूम मिळत होता.

या गोष्टीला तिच्या नावाने हाक मारायची पद्धत आपल्यात नाही. माझी आजी 'परसाकडे' जायची. आजोबा 'बहिर्दिशेला' जायचे. वडील नुसतंच 'जाऊन येतो' म्हणायचे, कुठे ते सांगायचे नाहीत. आता आम्ही 'फ्रेश' होतो. मधल्या साठ-सत्तर वर्षांत ती जागा परसातून घरात आणि घरातून थेट झोपायच्या खोलीत आली, पण शब्द अजून लाजून बाहेरच उभे आहेत.

माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास. सकाळी रांग असे. स्वतः उभं राहायचा कंटाळा आला की रांगेत आपलं टमरेल ठेवून यायचं. डालड्याच्या डब्याला तारेची कडी लावलेलं आमचं टमरेल सगळा मजला ओळखायचा आणि त्याचा नंबर कुणी मारत नसे. बँकेतल्या टोकनासारखंच ते. चारांपैकी तीन संडासांना आतून कडी होती. चौथ्याची तुटलेली होती आणि मी चाळ सोडली तेव्हाही ती तुटलेलीच होती. त्या चौथ्यात जाणाऱ्याने खाकरायचं, असा अलिखित नियम होता. बाहेरून कुणी "आत कोण आहे?" विचारलं की आतून दोनदा खाकरायचं. बोलायचं नाही. तिसऱ्या खोलीतले एक आजोबा मात्र नाट्यगीत म्हणत. त्यांची तान ऐकू आली की आम्हा मुलांना कळायचं, आता वीस मिनिटं तरी चौथ्याची आशा नाही.

एवढ्या तयारीवर मी युरोपला निघालो होतो.

जर्मन महामार्गावरच्या त्या थांब्याला मेट्रोसारखं फिरतं दार होतं. एक युरो टाकला की दार फिरणार. एक युरो म्हणजे तेव्हाचे नव्वद रुपये. नव्वद रुपयांत आमच्याकडे मिसळ येते आणि वर तर्री मागून घेता येते. आमच्या ग्रुपमध्ये साताऱ्याचे एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी आधी दाराची पाहणी केली. शेजारी लहान मुलांसाठी एक बुटकं दार होतं, ते फुकट. हेडमास्तरांची उंची बेताची. त्यांनी त्या दाराकडे असं काही पाहिलं की त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "अहो, घाला ना युरो. नातवंडं आहेत आपल्याला."

युरोच्या बदल्यात एक कूपन मिळतं आणि ते तिथल्याच दुकानात एक युरोच्या किमतीला चालतं. पूर्वी म्हणे सत्तर सेंट घेऊन पन्नास सेंटचं कूपन देत. २०२२ पासून हिशेब सरळ केला. सरळ म्हणजे कसा, तर कूपन वाया जाऊ नये म्हणून कॉफी घ्यायची, आणि कॉफी प्यायली की पुढच्या थांब्यावर पुन्हा एक युरो. हे चक्र हेडमास्तरांनी फळ्यावर आकृती काढल्यासारखं बोटांनी हवेत काढून दाखवलं. मी कॉफी घेतलीच नाही. माझं एक कूपन अजून पंचांगात खूण म्हणून आहे.

आत मात्र स्वच्छता अशी की चपला बाहेर काढाव्यात असं वाटावं. एकच अडचण. पाणी नाही. म्हणजे हात धुवायला पाहिजे तेवढं आहे, पण जिथे आपल्याला पाणी लागतं तिथे कागद आहे. यावर मराठी माणसाने काढलेला तोडगा म्हणजे अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. चाळीस माणसं चाळीस बाटल्या घेऊन रांगेने आत जात आणि रिकाम्या बाटल्या घेऊन बाहेर येत. बघणाऱ्या जर्मनांची समजूत झाली असेल की या लोकांना तिथे गेल्यावर फार तहान लागते.

एका जुन्या लॉजमध्ये आम्हाला जर्मन परंपरेचा खास नमुना मिळाला. त्या भांड्याला आतून सपाट पायरी असते. पाणी पुढच्या बाजूला. त्यामुळे आपण जे मागे वळून न बघता सोडून येतो, ते साखळी ओढेपर्यंत पाटावर बसवलेल्या पाहुण्यासारखं समोर राहतं. नव्या इमारतींत हा प्रकार आता फारसा बसवत नाहीत. पण जुनी माणसं त्याचं कारण सांगतात, प्रकृतीची रोज तपासणी व्हावी म्हणून. बायको रात्रभर या विषयावर बोलायला तयार नव्हती. हेडमास्तर सकाळी नाश्त्याला प्रसन्न होते. "आपल्याकडे अष्टविध परीक्षेत नाडीनंतर मूत्र आणि मल हेच येतात," ते ब्रेडला लोणी लावत म्हणाले, "वैद्य सांगून गेले, जर्मनांनी बांधून काढलं." टेबलावरच्या तिघांनी उकडलेली अंडी बाजूला सारली.

इटलीत उलटा प्रकार. तिथे हॉटेलच्या बाथरूममध्ये कमोडशेजारी दुसरं बुटकं भांडं, त्याला नळ. बिडे. इटलीत १९७५ पासून नियमच आहे की प्रत्येक घरातल्या निदान एका बाथरूममध्ये बिडे हवाच. कागदी युरोपात पाण्याची बाजू घेणारा हा एक शहाणा देश. पण आम्हाला सांगतो कोण! आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ती मोरी समजून बाहेरून आल्यावर पाय धुतले. एका काकूंनी त्यात मोजे भिजवले. ज्यासाठी दहा दिवस बाटल्या वाहिल्या ते समोर नळासकट हजर होतं, आणि आम्ही त्यात मोजे खळबळत होतो.

पॅरिसमध्ये फुटपाथवर राखाडी रंगाच्या स्वयंचलित खोल्या आहेत. २००६ पासून त्या फुकट आहेत, हे कळल्यावर ग्रुपमध्ये फ्रेंच संस्कृतीविषयीचा आदर एकदम वाढला. एक माणूस बाहेर पडला की दार आपोआप बंद होतं, आतली सगळी खोली धुतली जाते, मगच पुढच्याला दार उघडतं. प्रत्येक वेळी! आता आपल्याकडे रांगेतल्या पुढच्या बाईने बाहेर येताना मागच्या बाईसाठी दार धरणं ही साधी माणुसकी. एका काकूंनी बाहेर येऊन दार धरलं, "या, या, आतच या," म्हणत माझ्या बायकोला आत घेतलं आणि दार सोडलं. आत दिवा मंदावला आणि भिंतीतून एक बाई फ्रेंचमध्ये काहीतरी सांगू लागली. आवाज गोड होता, पण गोड आवाजात दटावणाऱ्या बायका आम्ही सोसायटीच्या मीटिंगला पाहिलेल्या आहेत. दार पुन्हा उघडलं, बायको जशीच्या तशी बाहेर आली आणि म्हणाली, "मला हाकललं." यंत्राला आधी खोली धुवायची होती, आणि धुवायच्या वेळी मध्ये माणूस. आमची आजी फरशी पुसताना असंच ओरडायची.

पैसे घेण्यावरून आठवलं. या धंद्याचा मूळ पुरुष रोमचा सम्राट व्हेस्पेशियन. इसवी सन ६९ ते ७९ या त्याच्या दहा वर्षांच्या राज्यात त्याने लघवीवर कर बसवला. रोमचे परीट आणि कातडी कमावणारे मुताऱ्यांतून ती विकत नेत, कारण तिच्यातल्या अमोनियाने कपड्यांचा मळ निघतो. मुलाला, टायटसला, ही कमाई किळसवाणी वाटली. तेव्हा बापाने नाणं त्याच्या नाकाशी धरून वास येतो का विचारलं, अशी गोष्ट सुएटोनियस या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये रस्तोरस्ती पुरुषांसाठी खांबासारख्या मुताऱ्या उभ्या राहिल्या. लोक त्यांना तिथले प्रशासक रांब्युतो यांचंच नाव देऊ लागले. कुठल्या अधिकाऱ्याला हे आवडेल? शेवटी नाव पडलं ते सम्राटाचं, 'व्हेस्पेसियन'. तशा मुताऱ्यांपैकी आता पॅरिसमध्ये एकच उरली आहे, तीही तुरुंगाच्या भिंतीजवळ. लंडनने १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनात माणशी एक पेनी आकारली आणि ८,२७,२८० लोकांनी ती दिली. म्हातारे इंग्रज अजूनही उठताना पेनी खर्च करून येतो म्हणतात. आपल्या 'जाऊन येतो'चाच तो सख्खा भाऊ, फक्त हिशेब ठेवणारा.

रोमनांचं एक मात्र मला पटलं नाही. ऑस्टियाला त्यांचे जुने संडास अजून बघायला मिळतात. संगमरवरी कट्टा, त्याला ओळीने भोकं, मध्ये आडोसा काही नाही. मांडीला मांडी लावून बसायचं आणि गप्पा मारायच्या. आमच्या कोकणातल्या गावी बायका पहाटे एकत्र जात, गप्पा त्यांच्याही होत. पण ती हौस नव्हती, अंधाराची आणि वाटेवरच्या पुरुषांची भीती होती. आई त्याबद्दल हसून बोलायची. तिच्या वेळी घरी संडास झाला तेव्हा ती दोन दिवस रडत होती, हे मावशीने मला फार उशिरा सांगितलं.

अमेरिकेबद्दल थोडक्यात. पुतण्याकडे न्यू जर्सीला तीन महिने होतो. तिथे पैसे घेत नाहीत. १९७० साली ओहायोतल्या काही शाळकरी पोरांनी पैशाच्या संडासांविरुद्ध चळवळ उभी केली, १९७३ मध्ये शिकागोने तसे संडास बंद केले आणि ते दशक सरता सरता बाकीच्या देशातूनही ते जवळजवळ नाहीसे झाले. पोरांना मुजरा. पण दारांचं काय? दार जमिनीपासून हातभर वर आणि दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी फट. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशाकडे दाराला पुरेल एवढी फळी नसावी! बसलेल्या माणसाची आणि हात धुणाऱ्या माणसाची नजरानजर होते. एकदा एका गोऱ्या गृहस्थाने त्या फटीतून मला "हाउ आर यू" विचारलं, किंवा निदान मला तसं वाटलं. मी "फाइन" म्हणालो. आमच्या चौथ्या संडासाची कडी तुटलेली होती, पण फळ्या अखंड होत्या.

मग जपान. मुलगी आणि जावई टोकियोत असतात. पहिल्याच संध्याकाळी मी संडासातल्या सपाता घालून जेवणाच्या टेबलाशी आलो. तिथे त्या जागेच्या सपाता वेगळ्या असतात आणि त्या दाराबाहेर आणायच्या नसतात. जावई काही बोलला नाही. मुलगी फक्त "बाबा" म्हणाली. ते 'बाबा' तिच्या आजीच्या आवाजातलं होतं.

तिथल्या कमोडला बटणांची पट्टी असते. अमेरिकेत रुग्णांसाठी निघालेलं पाण्याने धुणारं आसन जपानने आयात केलं, त्यावर काम केलं, आणि १९८० साली टोटो कंपनीने 'वॉशलेट' बाजारात आणलं. पाण्याची धार नेमकी कुठे जावी हे ठरवायला कंपनीने आपल्याच कर्मचाऱ्यांना बसवून मापं घेतली. धारेचा कोन ठरला ४३ अंश. हे वाचल्यावर मला आमचं टमरेल आठवलं. त्याचा कोन आम्ही दर वेळी अंदाजाने धरत होतो आणि तक्रार कुणाची नव्हती. बाटली मी पहिल्या दिवशी जी बॅगेत ठेवली ती परत निघेपर्यंत काढली नाही. हे मी आनंदाने सांगतोय, कारण पुढे जे झालं त्यात जपानचा दोष नाही.

एका मोठ्या स्टेशनवर गेलो होतो. पट्टीवरची चित्रं मुलीने शिकवली होती. २०१७ साली तिथल्या उत्पादकांनी परदेशी पाहुण्यांसाठी म्हणून सगळीकडे सारखी चित्रं ठरवली आहेत. पण मी चित्रं सोडून भिंतीवरचं मोठं बटण दाबलं. मोठं बटण म्हणजे पाणी सोडायचं, हा आपला सरळ हिशेब. पाणी आलं नाही. पुन्हा दाबलं. बाहेर कुठेतरी टुंगटुंग वाजू लागलं. मिनिटभरात धावत्या बुटांचा आवाज आला, दारावर हलके टकटक झाली आणि कुणीतरी अतिशय काळजीच्या, अतिशय अदबीच्या सुरात काही विचारलं. जपानी मला येत नाही. पण ते काय विचारत होते हे मला पन्नास वर्षांपासून ठाऊक होतं. ते बटण आत चक्कर येऊन पडलेल्या माणसासाठी होतं. मी "ओके, ओके, येतोय, येतोय" म्हणालो. दार उघडलं तर गणवेशातले दोघे कमरेत वाकून उभे. मीही वाकलो. पाणी सोडायचं राहूनच गेलं, ते त्यांनी सोडलं.

बायकोला वेगळा शोध लागला होता. "बायकांच्यात आत गेलं की नदी वाहते," ती म्हणाली. "पाणी सांडत नाही, नुसता आवाज." त्या यंत्राचं नाव 'ओतोहिमे'. जपानी लोककथेत समुद्रतळाच्या राजवाड्यात या नावाची राजकन्या आहे आणि 'ओतो' म्हणजे आवाजही, म्हणून ही कोटी. आपला आवाज शेजारणीला ऐकू जाऊ नये म्हणून तिथल्या बायका पुन्हा पुन्हा पाणी सोडत आणि ते फुकट जाई. १९८८ साली हे यंत्र निघालं. पाणी वाचलं, लाज वाचली.

मी ते ऐकून बराच वेळ गप्प होतो. चाळीत आम्ही आत आहोत हे कळावं म्हणून आवाज करत होतो, आणि इथे तोच आवाज कळू नये म्हणून राजकन्या कामाला लावली आहे. अमेरिकन माणसाला पाय दिसले तर चालतं. रोमनाला शेजारी चालतो. जर्मनाला मागे वळून बघायला संकोच नाही. आम्हाला हातातलं टमरेल सगळ्या मजल्याला दिसलं तरी चालत असे, आम्ही त्याला रांगेत उभं करत होतो. फक्त शब्द नको. ते नाट्यगीतवाले आजोबा ओतोहिमेच्या देशात गेले असते तर त्यांचं कसं झालं असतं, याचा विचार करून मी एकटाच हसलो. बायकोने विचारलं, "आता काय?" मी म्हणालो, "काही नाही, फ्रेश होऊन येतो."

परतीच्या आदल्या दिवशी मुलीने आम्हाला शिबुया भागात नेलं. तिथे नामवंत वास्तुरचनाकारांनी बांधलेले सतरा सार्वजनिक संडास आहेत. तादाओ आंदोचा एक, केंगो कुमाचा एक. आपल्याकडे असल्या माणसांकडून विमानतळ नाहीतर संग्रहालय बांधून घेतात. विम वेंडर्सने याच संडासांवर 'परफेक्ट डेज' हा सिनेमा काढला. त्यात ते साफ करणाऱ्या माणसाचं काम केलेल्या कोजी याकुशोला २०२३ साली कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला. आम्ही गेलो तेव्हा निळ्या पोशाखातला एक माणूस तिथे खरोखरच काम करत होता. हातात छोटा आरसा धरून तो भांड्याची खालची कड तपासत होता. आमच्या चाळीत मागच्या घरगल्लीतून एक बाई यायच्या. रोज. त्यांचं नाव काय होतं ते मी आठवायचा प्रयत्न केला. ते आठवण्यासारखं नव्हतंच, कारण मला कधी ठाऊक नव्हतं.

शिगेरू बान यांनी बांधलेला संडास एका छोट्या बागेत आहे आणि तो काचेचा आहे. रंगीत काच, पण आरपार दिसणारी. बाहेरूनच भांडं, बेसिन, कागदाची गुंडाळी, सगळं लख्ख दिसतं. आत कुणी दडलेलं नाही ना आणि जागा स्वच्छ आहे ना, या दोन शंका सार्वजनिक संडासात शिरताना माणसाला असतात आणि काच दोन्ही मिटवते. आत जाऊन कडी लावली की काच अपारदर्शक होते. "आत कोण आहे?" हा प्रश्न त्या गृहस्थांनी मुळातूनच काढून टाकला आहे. २०२० साली हे उघडलं तेव्हा जगभर फोटो छापून आले होते. मीही पाहिले होते आणि मुंबईत हे कसं चालणार नाही यावर तासभर बोललो होतो.

"जा ना बाबा, आत जाऊन बघा," मुलगी म्हणाली. गरज नव्हती. पण टूर मॅनेजरने घातलेलं वळण होतं, नाही आली तरी जायचं.

आत गेलो. चहूबाजूंनी बाग. बाकावर बसलेली एक आजी, बाबागाडी ढकलणारा बाप, काचेला नाक लावल्यासारखी उभी असलेली माझी बायको. कडी लावली. काच दुधाळ झाली, सगळे नाहीसे झाले. कडी भक्कम होती, मी दोनदा ओढून पाहिली. पण मला काही दिसत नाही याचा अर्थ त्यांनाही मी दिसत नाही, हे शास्त्र मनाला पटायला तयार नव्हतं. मी उभा राहिलो. मग बसलो. बाहेर पावलं वाजली, कुणीतरी जवळ आलं, आणि मी दोनदा खाकरलो.

"अहो," बाहेरून बायको म्हणाली, "काही दिसत नाहीये. उगाच खोकू नका."